धंद्याच्या जोरावर परदेशी मुक्काम : आधी गोराईतलं वहीखातं नीट लावा

गोराई गावात परदेशाचा विषय निघाला की पोर्तुगालचं नाव येतंच. आडनाव परेरा, डिमेलो किंवा घोन्साल्विस. गोव्याकडच्या सोयऱ्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, मग आम्हाला का नाही, असा प्रश्न त्यामागोमाग येतो. हा हक्क १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव इथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा आहे. गोराईवरचा पोर्तुगीज अंमल त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधीच संपला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई घेतली, तेव्हा. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, इथल्या ख्रिस्ती समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं, तेही गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे इंग्रजांना दिसावं म्हणूनच. तेव्हा आडनावाच्या बळावर ‘लिस्बनला फाइल लावून देतो’ म्हणणारा कुणी आला, तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

उरतात तीन रस्ते : नोकरी, शिक्षण आणि स्वतःचा धंदा. पहिल्या दोन्हींबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. हा लेख तिसऱ्याबद्दल आहे, आणि खाडीच्या दोन्ही काठांसाठी आहे. पलीकडे गावात बंगले भाड्याने देणारे, लग्नाचं जेवण करणारे, ईस्ट इंडियन बॉटल मसाला विकणारे, भाजीपाला पिकवणारे. अलीकडे बोरिवलीच्या गोराई वसाहतीत, म्हाडाच्या छोट्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या घरांत, शिकवणीचे वर्ग, पार्लर, एसी दुरुस्ती, अकाउंटचं काम, घरबसल्या डिझाइन आणि सॉफ्टवेअर. या सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगणार आहे. परदेशी सरकारला तुमच्या कल्पनेत फारसा रस नसतो. तुम्ही इथे गेली दोन-तीन वर्षं काय केलंत, हे त्यांना कागदावर बघायचं असतं.

तुम्ही कुठल्या खान्यात बसता?

‘मी धंदा करतो’ एवढं सांगून कुठल्याही वकिलातीत काम भागत नाही. कायद्याच्या लेखी हे चार निरनिराळे लोक आहेत : स्वतःच्या कौशल्यावर एकट्याने काम करणारा, दुकान किंवा सेवा चालवणारा, नवीन कल्पनेची कंपनी काढणारा, आणि पैसे गुंतवणारा. देश निवडण्याआधी आपला खाना ओळखावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी कॅनडा किंवा जर्मनी ठरवतात आणि मग त्या साच्यात स्वतःला कोंबतात.

जर्मनीचं उदाहरण थोडं सविस्तर घेतो, कारण तिथे ही विभागणी सर्वांत स्पष्ट आहे. तिथल्या रहिवास कायद्याच्या कलम २१ मध्ये स्वयंरोजगाराची तरतूद आहे. त्यात दोन दारं आहेत. एक ‘फ्रायबेरूफ्लर’चं, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाचं. यात शिक्षक, लेखक, पत्रकार, अनुवादक, कलावंत, अभियंते, वास्तुविशारद असे लोक येतात. दुसरं ‘गेवेर्बं’चं, म्हणजे व्यापार-धंद्याचं. गोराईत योगाचे वर्ग घेणारी बाई शिकवण्याचं काम करते, म्हणून तिला पहिल्या दाराने जाता येऊ शकतं. लग्नाचं जेवण करणाऱ्याला मात्र दुसऱ्याच दारावर उभं राहावं लागेल. तिथे त्याच्या धंद्याची त्या भागाला गरज आहे का, त्यातून काही चांगलं निघेल का आणि भांडवलाची सोय झाली आहे का, हे तपासलं जातं. केशकर्तनाचं दुकान काढायचा विचार असेल तर अडचण आणखी मोठी. न्हावीकाम, विजेचं काम असे कितीतरी व्यवसाय जर्मनीत ‘माइस्टर’ पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता असल्याशिवाय स्वतंत्रपणे करता येत नाहीत. वसाहतीतल्या पार्लरवाल्या ताई वीस वर्षांच्या अनुभवी असल्या तरी तिथे आधी नोकरी, मग मान्यता आणि शेवटी दुकान, असाच क्रम लागेल.

स्वतंत्र व्यावसायिकाच्या अर्जात सर्वांत वजनदार कागद कोणता? जर्मनीतल्या ग्राहकांची पत्रं. ‘या व्यक्तीकडून अमुक काम, अमुक मोबदल्याला करून घेण्याची आमची इच्छा आहे’, असं सांगणारी दोन-तीन पत्रं, आणि त्यांच्याशी जुळणारा उत्पन्न-खर्चाचा तक्ता. पंचवीस पानांचा गुळगुळीत बिझनेस प्लॅन सल्लागार तासाभरात काढून देतो. ग्राहकाचं पत्र तुमचं तुम्हालाच कमवावं लागतं. त्यासाठी जर्मनीत राहायची गरज नाही. बोरिवलीत बसून वर्षभर तिथल्या दोन ग्राहकांचं काम केलंत, तर पत्रही मिळेल आणि आपलं काम तिकडे चालतं का याचा अंदाजही येईल. मी तर म्हणेन, परदेशी ग्राहक एकही नसताना परदेशी स्वयंरोजगाराचा अर्ज करूच नये.

अर्जदाराने पंचेचाळिशी ओलांडली असेल तर म्हातारपणाच्या तरतुदीचा पुरावा द्यावा लागतो. आरोग्यविमा तिथल्या कायद्याला चालेल असाच लागतो. प्रवासविम्यावर निभत नाही, आणि परवाना वाढवायच्या वेळी पुष्कळ जण इथेच अडकतात. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. धंदा यशस्वी ठरला तर व्यापारवाल्याला तीन वर्षांनी कायम रहिवास मागता येतो. स्वतंत्र व्यावसायिकाला साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं.

इथे एक इशारा. ‘बर्लिनला पोहोचा आणि तिथल्या कार्यालयात परवाना मागा’ असे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. ते बहुतेक अमेरिकन, कॅनेडियन किंवा जपानी लोकांनी केलेले असतात. त्यांना ती सवलत आहे, भारतीय पासपोर्टला नाही. आपल्याला मुंबईतच राष्ट्रीय व्हिसा घेऊन निघावं लागतं. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे तो बदलून घेण्याचा बेत आखू नका. भाषा अर्जाला नाही तरी जगायला लागते, आणि ती शिकायला काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहेच. गोराईहून ते लांब पडतं, हे खरं.

आखात : जवळचं, सोपं आणि तात्पुरतं

उपनगरातल्या माणसाला दुबई परकी वाटत नाही. शेजारच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे असतंच. मराठी माणसाने तिथे धंदा रुजवल्याचं ठळक उदाहरणही डोळ्यासमोर आहे : दातार कुटुंबाचा ‘अल आदिल’, १९८४ मध्ये छोट्या किराणा दुकानापासून सुरू झालेला आणि पुढे ‘मसाला किंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धनंजय दातारांनी वाढवलेला. त्या काळी मुख्य भूमीवरच्या कंपनीत स्थानिक भागीदाराचा मोठा हिस्सा ठेवावा लागे. २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत शंभर टक्के मालकी परदेशी माणसाला ठेवता येते. फ्री झोनमध्ये तर ती आधीपासूनच होती.

नेहमीचा मार्ग असा : व्यापार परवाना काढायचा आणि त्यावर दोन किंवा तीन वर्षांचा रहिवास घ्यायचा. परवान्याचं नूतनीकरण चुकलं की व्हिसाही धोक्यात येतो, आणि साधा रहिवास असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिला तर रहिवास रद्द होतो. एकट्याने काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा ‘ग्रीन व्हिसा’ आहे. त्याला पदवी किंवा विशेष पदविका लागते, मनुष्यबळ मंत्रालयाचा फ्रीलान्स परवाना लागतो, आणि आधीच्या दोन वर्षांत स्वयंरोजगारातून वर्षाला ३,६०,००० दिरहम मिळाल्याचा किंवा मुक्कामभर पुरेल इतक्या ऐपतीचा पुरावा लागतो. रुपयांत हे उत्पन्न वर्षाला ऐंशी लाखांच्या पुढे जातं. म्हणजे गोराईतल्या बहुतेकांसाठी हा व्हिसा पहिल्या उडीचा नाही. परवान्यावर जाऊन, धंदा वाढवून मग मागायचा. जून २०२३ पासून तिथे ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर नऊ टक्के कंपनी करही लागू झाला आहे. ‘दुबईत कर नाही’ हे जुनं झालं.

आणि हे नीट समजून घ्या : आखातातला रहिवास कितीही वेळा वाढवला तरी त्यातून नागरिकत्वाकडे जाणारी वाट सर्वसाधारण माणसाला नाही. याचा अर्थ काय, ते समजायला लांब जायला नको. गोराईच्या पॅगोड्याचे प्रेरणास्थान सत्यनारायण गोएंका १९२४ मध्ये मंडालेला जन्मले. भारतातून जाऊन ब्रह्मदेशात स्थिरावलेलं व्यापारी घराणं. १९६२ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि पुढच्या काळात खासगी धंद्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले लाखो भारतीय वंशाचे लोक दुकानं-गोदामं सोडून परतले. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले ते विपश्यना शिकवायला. २००९ मध्ये खुला झालेला तो पॅगोडा रंगूनच्या श्वेडगॉनच्या घडणीवर बांधलेला आहे. धंद्यावर मिळालेला मुक्काम यजमान सरकारच्या धोरणावर उभा असतो, म्हणून कमाईचा एक भाग कायम इथे राहील अशी व्यवस्था पहिल्या वर्षापासून ठेवावी.

ज्या दारांवर वेळ घालवू नये

अमेरिकेचा ई-२ गुंतवणूकदार व्हिसा भारतीयांना मिळत नाही, कारण तो ज्या करारावर अवलंबून आहे तो भारताशी नाही. कॅनडाने कलावंत आणि खेळाडूंसाठी असलेल्या स्वयंरोजगार योजनेचे नवे अर्ज ३० एप्रिल २०२४ पासून घेणं थांबवलं. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी जुना व्यवसाय-गुंतवणूक व्हिसा बंद केला. न्यूझीलंडने उद्योजक व्हिसा गुंडाळून जो गुंतवणूकदार व्हिसा आणला त्याची सुरुवातच दहा लाख न्यूझीलंड डॉलरपासून होते. जपानमध्ये पन्नास लाख येनच्या भांडवलावर मिळणारा व्यवस्थापक व्हिसा ऑक्टोबर २०२५ पासून तीन कोटी येनवर गेला. एजंट अजून जुने आकडे सांगतात, म्हणून हे सगळं लिहिलं. लहान धंदेवाल्यांसाठीची दारं जगभर आकसत आहेत.

ब्रिटनचं वेगळं आहे. तिथल्या ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसाला एप्रिल २०२३ पासून ठरावीक भांडवलाची अट राहिली नाही आणि तीन वर्षांत कायम रहिवासाचा अर्ज करता येतो. ऐकायला फार गोड. पण मान्यताप्राप्त संस्थेने तुमची कल्पना नवी, टिकणारी आणि वाढणारी आहे असं लिहून द्यावं लागतं. त्या मूल्यमापनाचे हजार पौंड, पुढे वर्षाने आणि दोन वर्षांनी प्रगती तपासणीच्या बैठकीचे प्रत्येकी पाचशे. लंडनमध्ये आणखी एक भारतीय उपाहारगृह काढतो म्हणालात तर यात काहीच नवं नाही, असंच उत्तर मिळेल. बॉटल मसाला कितीही अस्सल असो.

एस्टोनियाचं ‘ई-रेसिडेन्सी’ कार्ड मात्र फसवं ठरतं, आणि त्यात एस्टोनियाचा दोष नाही. ते सरकार स्वच्छ सांगतं की हे फक्त ऑनलाइन कंपनी चालवण्याचं ओळखपत्र आहे. त्याच्यावर तिथे राहता येत नाही, युरोपात शिरताही येत नाही. तरी ‘युरोपचं रेसिडेन्सी कार्ड’ म्हणून ते विकणारे भेटतात.

पोर्तुगालचा डी-२ व्हिसा मात्र आडनाव न बघता कुणालाही मागता येतो. स्वतंत्र व्यावसायिक आणि छोटे उद्योजक दोघांनाही तो आहे. तिथे जाऊन मग कागद नियमित करून घेण्याची जुनी पळवाट जून २०२४ मध्ये बंद झाली आहे. व्हिसा इथूनच घेऊन निघावं लागतं.

खरं काम गोराईतलं

आता मुख्य मुद्दा. वर कुठलाही देश घ्या, तपासणारा अधिकारी शेवटी एकच विचारतो : हा माणूस खरंच धंदा करतो का, आणि किती कमावतो? त्याचं उत्तर तुमच्या तोंडून त्याला नको असतं. आयकर विवरणपत्र, बँकेचा उतारा, बिलं आणि नोंदण्यांतून हवं असतं.

आपल्याकडची अडचण ठाऊक आहे. बंगल्याचं भाडं रोख, लग्नाच्या जेवणाची आगाऊ रक्कम रोख, मसाल्याचे पैसे घरातल्या बाईच्या यूपीआयवर. वर कर वाचवायला अंदाजित उत्पन्नाची योजना. त्यात छोट्या व्यापाऱ्याला उलाढालीच्या आठ टक्के, आणि पैसे बँकेतून आले तर सहा टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. योजना कायदेशीर आहे, सोयीचीही आहे. पण वर्षाला वीस लाखांची उलाढाल करणारा केटरर दीड लाख उत्पन्न दाखवतो आणि मग वकिलातीत आठ लाखांचं उत्पन्न आहे म्हणून सांगतो. कागद त्यालाच खोटं पाडतात. परदेशी जायचा विचार पक्का असेल तर निदान दोन वर्षं आधीपासून खरा नफा दाखवा. कर जास्त जाईल. तो कर अर्जाच्या खर्चातच धरावा.

गुमास्ता नसेल तर तोही काढून घ्या. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार मोजके असतील तर ऑनलाइन कळवणं पुरतं. उद्यम नोंदणी फुकट आहे; तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. खाद्यपदार्थवाल्यांनी एफएसएसएआयची नोंदणी करावी. धंद्याचं बँक खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं काढावं. सगळ्यात छोटं काम हेच, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

मग वैयक्तिक कागद. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नसतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पदवीवर तिसरं. महापालिकेच्या आर मध्य विभाग कार्यालयात ही दुरुस्ती निवांत असतानाच करून घ्यावी, व्हिसाची तारीख ठरल्यावर नव्हे. पासपोर्ट आणि पोलीस पडताळणीचा दाखला मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. भारत २००५ मध्ये हेग करारात आल्यामुळे पोर्तुगाल, ब्रिटनसारख्या देशांसाठी पदवी आणि विवाहाच्या दाखल्याला परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का चालतो. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र वकिलातीपर्यंतचं साक्षांकन करावं लागतं. त्याला लागणारा वेळ धरूनच पुढचा बेत करा.

पैसे कसे न्यायचे

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर, ती गुंतवणुकीसाठी असेल तर, बँक वीस टक्के टीसीएस वसूल करते. तो कर बुडत नाही; विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. पण तेवढे महिने पैसा अडकतो. चाळीस लाख पाठवायचे तर वरच्या तीस लाखांवर सहा लाख जवळ जास्तीचे हवेत. भांडवलाचा हिशेब मांडताना हे हमखास राहून जातं.

भारतात राहत असतानाच परदेशात कंपनी काढून तिचे शेअर घेणार असाल तर २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात. कंपनी खरोखर व्यवसाय करणारी हवी, वित्तीय सेवेतली नको, आणि तिच्या हाताखाली तुमच्या नियंत्रणातली आणखी कंपनी नको. व्यवहार तुमच्या बँकेमार्फत नोंदवावा लागतो आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरणं वेगळंच. तो चुकवला तर काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. हवालाने भांडवल पोहोचवण्याचा विचार तर मनातही आणू नका. तिकडचं सरकार पैशाचा उगम विचारतं आणि हवालाला उगम नसतो.

सल्लागाराबद्दल थोडक्यात. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे व्हिसाचा सल्ला विकायला नोंदणी लागते आणि नोंदणीकृतांची यादी खुली असते. बोरिवलीच्या ऑफिसातल्या माणसाचं नाव त्या यादीत नसेल तर तो फक्त दलाल आहे. ‘हमखास’ म्हणणारा तर यादीत असला तरी टाळावा.

शेवटी गावातल्या जमीनवाल्या घरांसाठी. परदेशी रहिवास मिळाला म्हणून भारतीय नागरिकत्व जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जातं, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पण त्याआधीच, तुम्ही अनिवासी झालात की शेतजमीन आणि फार्महाउस नव्याने विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर आधीपासून असलेली जमीन तुमचीच राहते, वारसाहक्काने आलेलीही ठेवता येते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागते. म्हणून भावाभावांतली वाटणी आणि सातबाऱ्यावरची नावं यांचा निकाल निघण्यापूर्वी लावून घ्या; लिस्बन किंवा दुबईहून तलाठ्याकडे फेऱ्या मारता येत नाहीत.